विजेचे रांजण

यंदा दसऱ्याच्या आधी घराची झाडलोट काढली, तेव्हा माळ्यावरच्या अडगळीतून माझ्या नातवाने एक काळीकुट्ट पेटी खाली आणली. विटेपेक्षा बरीच मोठी, वर तीन बुचे, दोन टोकांना शिशाचे दोन खुंट. आतले तेजाब कधीच ओतून टाकलेले. "आजोबा, हे काय?" असे त्याने विचारले आणि फोटो काढण्यासाठी खिशातला फोन बाहेर काढला. मी म्हटले, "तुझ्या त्या फोनच्या पोटात जे बसले आहे ना, त्याचे हे पणजोबा. आणि ह्या पणजोबांना मी स्वतःच्या हाताने मारले आहे."

एवढे बोलून बसल्यावर गोष्ट सांगणे भागच होते. ती सांगता सांगता मी दीडशे वर्षे मागे गेलो आणि पुन्हा परत आलो. मुलाने शेवटपर्यंत ऐकली, तेव्हा वाचकांनाही ती फराळाबरोबर चालेल, असे वाटते.

माझ्या काकांचे तालुक्याच्या गावी, एस.टी. स्टँडच्या मागे, बॅटरी चार्ज करून देण्याचे दुकान होते. गावात वीज आलेली होती; पण आसपासच्या बहुतेक खेड्यांत तिची वाट पाहणेच चालू होते. त्यामुळे काकांचे दुकान म्हणजे एक प्रकारची पाणपोई होती. ट्रकवाले येत, लग्नसराईत लाऊडस्पीकरवाले येत आणि खेड्यांतून रेडिओची बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून लोक येत. त्या काळी खेड्यातला रेडिओ हे एका घराचे नव्हे, साऱ्या गावाचे वैभव असे. पुणे आकाशवाणीने १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग केला, तो दीडशे गावांत झाला. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, माणसे रेडिओभोवती जमत आणि ऐकलेल्यावर चर्चा करीत. जिथे विजेची तार पोहोचली नव्हती, तिथे ते ऐकणे बॅटरीवरच अवलंबून होते. बॅटरी बसली की गाव मुके होई.

काकांच्या धोतराला सदैव बारीक भोके पडलेली असत. तेजाबाचे शिंतोडे! काकू म्हणत, "ह्यांच्या धोतराला चाळणी म्हणून वापरता येईल." खंडेनवमीला काका पान्हे आणि पकडी ह्यांच्याबरोबर हायड्रोमीटरची ती रबरी फुग्याची काचेची नळीही पाटावर मांडीत आणि तिला हळदकुंकू वाहत. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते: "बॅटरी म्हणजे जनावर आहे. उपाशी ठेवली तर मरते, कोंबून चारली तरी मरते."

१९६२ साली मी बारा वर्षांचा होतो. २० ऑक्टोबरला चीनने सीमेवर हल्ला चढवला आणि दिवाळी तोंडावर असताना सगळ्यांचे कान रेडिओला लागले. त्याच आठवड्यात एक म्हातारेबुवा चार कोसांवरून सायकल ढकलीत दुकानात आले. कॅरिअरला गावच्या रेडिओची बॅटरी होती. "भाऊ, आज रातच्याला बातम्या ऐकायच्या हायत्या. पोरगं तिकडं पलटणीत हाय," एवढेच ते म्हणाले. काकांनी नळी बुडवून पाहिली आणि मान हलवली. "आबा, पार बसली आहे. सावकाश चार्ज करायला हवी. उद्या दुपारी न्या." आबा काही बोलले नाहीत. पायरीवर बसून राहिले.

काका जेवायला घरी गेले आणि मला लक्ष ठेवायला सांगून गेले. मी त्या पायरीवरच्या माणसाकडे पाहत होतो. शेवटी मला राहवले नाही. मी चार्जिंगच्या फळ्यावरचा खटका जेवढा फिरवता येईल तेवढा फिरवला. वाटले, नळ मोठा सोडला की घागर लवकर भरते. विजेचेही तसेच असणार.

काका परत आले तेव्हा बॅटरी खदखदत होती. बुचांतून तेजाबाचे फवारे उडत होते आणि पेटीला हात लावता येत नव्हता. काकांनी खटका बंद केला. दुसऱ्या दिवशी उघडून पाहिली, तर आतल्या प्लेटी वाकल्या होत्या आणि त्यांच्यावरचा लेप झडून तळाशी गाळ साचला होता. नातवाने माळ्यावरून काढली ती हीच पेटी. काकांनी ती कधी फेकली नाही आणि त्यावरून मला कधी बोललेही नाहीत. ते मौन फार बोलके होते.

घागर आणि बॅटरी ह्यांत फरक कोणता, हे मला पुढे कॉलेजात कळले. बॅटरीत वीज भरलेली नसतेच मुळी. तिच्यात भरलेला असतो एक रासायनिक बदल, आणि तो आपल्या गतीने होतो.

व्होल्टा ह्या इटालियन शास्त्रज्ञाने १८०० साली दोन निराळ्या धातूंच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कापड घालून त्यांची चळत रचली आणि जगाला पहिल्यांदा सतत वाहणारी वीज दिली. पण त्या चळतीत जस्त झिजत जाई. संपले की संपले. चुलीतले लाकूड जसे परत झाडाला लागत नाही, तसे. चुलीतली राख पुन्हा लाकूड करता येईल का, ह्या प्रश्नाचे कामापुरते उत्तर सापडायला पुढे जवळजवळ साठ वर्षे गेली.

ते उत्तर १८५९ साली गास्ताँ प्लांते ह्या फ्रेंच गृहस्थाने शोधले. त्याने शिशाचे दोन पत्रे घेतले, ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये आवरण घातले, सुरळी केली आणि ती पातळ गंधकाम्लात बुडवली. वीज काढून घेतली की दोन्ही पत्र्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते आणि आम्ल पाणीदार बनते. वीज उलट दिशेने सोडली की सल्फेट मोडते, पत्रे पूर्ववत होतात आणि आम्ल पुन्हा कडक होते. काकांची नळी ह्या आम्लाचाच दाटपणा पाहत असे. राखेचे लाकूड झाले ते असे.

गंमत अशी की, प्लांतेच्या काळी ही बॅटरी भरायची म्हटली तरी दुसऱ्या, न भरता येणाऱ्या घटांचीच वीज वापरावी लागे. म्हणजे एका विहिरीतून पाणी काढून दुसरीत ओतायचे! रांजण आधी झाला आणि नळ मागाहून आला. डायनॅमो कामाचा झाला तो १८७० नंतर. शिवाय प्लांतेचे पत्रे पुनःपुन्हा भरून आणि रिकामे करून तयार व्हायला महिनोन्‌महिने लागत. १८८१ साली कामीय फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शेंदराचा लेप दिला आणि ते काम झटपट होऊ लागले. हा शेंदूर म्हणजे शिशाचेच भस्म. मारुतीच्या अंगाला आपण लावतो तोच. मी चौदा तास मिळायला हवे होते ते दोन तासांत उरकू पाहिले आणि झडून तळाशी बसला तो हाच लेप.

फोरच्या बॅटरीची एक पेटी त्याच वर्षी पॅरिसला भरून आगगाडीने आणि बोटीने स्कॉटलंडात ग्लासगोला सर विल्यम टॉमसन ह्यांच्याकडे नेली. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले. वीज पॅरिसला भरली आणि तीन दिवसांनी ग्लासगोला वापरली, ह्याचे त्या काळच्या लोकांना एवढे नवल वाटले की वर्तमानपत्रांत त्यावर पत्रे छापून आली. एका शल्यवैद्याने त्या पेटीच्या विजेने तार लाल करून एका लहान मुलाच्या जिभेवरची गाठ काढली. साठवलेली वीज माणसाच्या उपयोगी पडल्याची ह्याहून सुंदर सुरुवात मला ठाऊक नाही.

शिशाची बॅटरी जड, पण दणकट आणि स्वस्त. तिचा मोठा गुण म्हणजे क्षणभरात ती प्रचंड जोर देते. म्हणून जिथे वजनाची पर्वा नाही तिथे तिने ठाण मांडले. जुन्या लोकांना आठवत असेल, आगगाडीच्या डब्याखाली चाकाच्या आसावर पट्ट्याने फिरणारा डायनॅमो असे आणि शेजारी बॅटऱ्यांच्या पेट्या. गाडी धावताना बॅटऱ्या भरत आणि स्टेशनात थांबली की त्याच दिवे जळते ठेवीत. गाडी रेंगाळली की दिवे पिवळे पडत. टेलिफोन एक्स्चेंजमध्येही ४८ व्होल्टची शिशाची रांग असे, म्हणूनच गावातली वीज गेली तरी टेलिफोन बोलत असे. आपल्या माझगाव गोदीत बांधलेली आणि २०१७ साली नौदलात दाखल झालेली 'कलवरी' ही पाणबुडी समुद्राखाली चालते तीही अशाच बॅटऱ्यांवर. त्यात ३६० घट आहेत आणि एकेकाचे वजन सुमारे ७५० किलो. पाणबुडीला वजनाचे भय नसते. उलट खाली जाण्यासाठी ते हवेच असते!

मोटारीला मात्र वजनाचे भय होते. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या सुमारे ४,२०० मोटारींपैकी पेट्रोलच्या हजारदेखील नव्हत्या. विजेच्या दीड हजारांवर होत्या. आदल्याच वर्षी कामीय झेनात्झी ह्या बेल्जियन गृहस्थाने विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरांची मर्यादा ओलांडली होती. विजेच्या गाडीला ना धूर, ना आवाज. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे आणि ते उलटे फिरले की मनगट मोडे. मग पारडे फिरले कसे? चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने १९११ साली विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. एका शिशाच्या बॅटरीने हँडल काढून टाकले, आणि विजेच्या मोटारीची सर्वांत मोठी सोय पेट्रोलच्या गाडीला बहाल केली. लांबचा पल्ला पेट्रोलकडे आधीच होता. घरभेदी बिभीषणाची ही विसाव्या शतकातली आवृत्ती म्हणा!

शिशाची ही जडता एडिसनला सोसवत नव्हती. त्याने निकेल आणि लोखंड घेतले. आम्लाऐवजी पोटॅशचा क्षार वापरला. हजारो प्रयोग केले. १९०३ साली बॅटरी बाजारात आली, तर डबे गळू लागले आणि तिची ताकद ओसरू लागली. एडिसनने विक्री थांबवली, पुन्हा काही वर्षे खपला आणि सुधारलेली बॅटरी काढली. ती इतकी चिवट निघाली की उपाशी ठेवा, कोंबून चारा, वर्षानुवर्षे तिचे काही बिघडत नसे. ती माझ्या हाती त्या दिवशी असती तर! पण ती महाग होती, थंडीत आळसावत असे आणि भरलेल्या विजेतली बरीच वाया घालवीत असे. ती तयार होऊन रुळली तोवर मोटारीचा बाजार तर पेट्रोलने जिंकला होता. मग ती आगगाडीत, खाणीत आणि सामान वाहणाऱ्या ठेल्यांत कामाला लागली.

ह्याच सुमारास स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर नावाचा एक माणूस शांतपणे तेच काम करीत होता. १८९९ साली त्याने निकेल आणि कॅडमियमची बॅटरी केली. एडिसनचे नाव शाळकरी मुलाला ठाऊक असते. युंगनरचे क्वचितच कोणाला. पण एडिसनची बॅटरी मागे पडली आणि युंगनरची शंभर वर्षे चालली. विमानांत, उपग्रहांत, दाढीच्या यंत्रांत, खेळण्यांत ती गेली. थंडी सोसते, जोर देते. दोष दोन. एक विनोदी: रोज अर्धीच वापरून भरत राहिले, तर काही वेळा ती उरलेली अर्धी ताकद विसरते, बदलीवर आलेल्या कारकुनाला नेमून दिल्यापलीकडचे काम आठवत नाही, त्यातला प्रकार. दुसरा दोष गंभीर: कॅडमियम हे विष आहे. युरोपीय संघाने २००६ साली नियम करून घरगुती वापरातून ह्या बॅटरीला बहुतांशी हद्दपार केले. तिच्या जागी कॅडमियमऐवजी हायड्रोजन शोषून घेणाऱ्या मिश्रधातूची बॅटरी आली. १९९७ साली जपानमध्ये निघालेल्या टोयोटाच्या प्रियस ह्या पेट्रोल-वीज मोटारीत हीच होती, आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या आकाराचे जे पुन्हा भरता येणारे सेल दुकानात मिळतात, तेही बहुधा हेच.

आता फोनच्या पोटातली बॅटरी. लिथियम हा सर्वांत हलका धातू. त्याला बॅटरीत आणण्याचा घाट १९७० नंतरच्या दशकात स्टॅनली व्हिटिंगहॅम ह्यांनी अमेरिकेतल्या एका तेलकंपनीत घातला. तेलकंपनीत, हे ध्यानात घ्या! १९८० साली ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ ह्यांनी कोबाल्टच्या ऑक्साइडचा पत्रा सुचवला, १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो ह्यांनी धोकादायक लिथियम धातू काढून त्या बाजूला कार्बन बसवला आणि १९९१ साली सोनीने ती बॅटरी बाजारात आणली.

हिच्यात पत्रे विरघळत नाहीत की बदलत नाहीत. लिथियमचे कण एका बाजूच्या थरांतून दुसऱ्या बाजूच्या थरांत जातात आणि परत येतात. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, ही तर माहेरवाशीण! ऑक्साइड हे माहेर, कार्बन हे सासर. चार्ज करताना आपण तिला सासरी पोचवतो. सोडली की ती आपण होऊन माहेरी धावते आणि त्या धावण्यात आपला फोन चालतो. १९६२ च्या त्या काळ्या पेटीच्या एका किलो वजनात फार तर ३५ वॅट-तास मावत. हिच्या एका किलोत १५० ते २५०. साठ वॅटचा पंखा पाच तास फिरवायचा, तर शिशाची आठ-नऊ किलोंची बॅटरी पार रिकामी होते. लिथियमची दोन किलोंत काम भागते.

पण हलक्या अंगाबरोबर तापट स्वभाव आला. हिच्यातला द्रव पेट घेणारा असतो. फार तापली किंवा आत कुठे दोन बाजू एकमेकींना भिडल्या, तर एकातून दुसरा असे घट पेटत जातात. २०१३ साली अशाच घटनांमुळे बोइंग ७८७ विमाने काही महिने जमिनीवर उभी होती. शिवाय कोबाल्ट मुख्यतः काँगोच्या खाणींतून येतो आणि तिथे लहान मुलेही राबतात, हे सत्य फोन हाती घेताना विसरू नये. ह्या दोन्हींवर बराचसा उतारा १९९७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधून आला: लोह-फॉस्फेटचा. वीज थोडी कमी मावते, पण कोबाल्ट लागत नाही, ती शांत असते आणि टिकते जास्त. गुडइनफ ह्यांच्याबरोबर त्या निबंधावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन आपल्याकडची नावे आहेत. २०१९ साली व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो ह्या तिघांना नोबेल मिळाले, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. त्यांचे नोबेल-व्याख्यान त्यांच्या वतीने दिले ते मूळच्या तमिळनाडूच्या अरुमुगम मंथिराम ह्यांनी. गुडइनफ २०२३ साली, शंभरी पाहून, गेले.

इथे नातवाने विचारले, "मग ह्यात सर्वांत चांगली कोणती?" हाच प्रश्न मी एकदा काकांना विचारला होता. त्यांनी उलट विचारले, "बैल कोणता चांगला? खिलार की डांगी?" खिलार पळतो, पण इगतपुरीकडच्या मुसळधार पावसात चिखलात उभा राहायचे तर डांगीच पाहिजे. मी नातवाला तेच सांगितले. घरचा इन्व्हर्टर कोपऱ्यात बसून वर्षातून चार दिवस राबणार असेल, तर शिशाची परवडते. मात्र तिला अर्धपोटी ठेवू नये, हवा खेळती असावी आणि पाणी पाहत जावे. रोज भरायची आणि रोज रिकामी करायची असेल, तर लोह-फॉस्फेटची महाग घेतलेली स्वस्त पडते. खिशात, स्कूटरवर, जिथे वजन सोसत नाही तिथे लिथियमला तोड नाही. पण रात्री उशीखाली ठेवून ती चार्ज करू नये. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र साधा, एकदाच वापरायचा सेल उत्तम. आणि मेलेली बॅटरी, कोणत्याही जातीची, उकिरड्यावर टाकू नये. शिसे जवळजवळ सगळे पुन्हा वापरता येते. पण परसात भट्टी लावून ते वितळवले, तर त्याची वाफ आणि धूळ आधी घरातल्या मुलांना बाधते.

राहिली आबांची गोष्ट. त्या दुपारी काकांनी खदखदणारी बॅटरी बाजूला ठेवली, आत गेले आणि आमच्या घरच्या रेडिओची भरलेली बॅटरी सोडून आणली. ती त्यांनी स्वतः आबांच्या सायकलला बांधली. आबांनी पैशांसाठी कनवटीला हात घातला, तर काका म्हणाले, "पाडव्याला बघू." त्या दिवाळीत आमचा रेडिओ मुका होता. काकूंनी एकदाही तक्रार केली नाही.

पाडव्याला आबा आले. बॅटरी परत आणली होती आणि एका फडक्यात कापण्या आणि शेव होती. काकांनी नळी बुडवून पाहिली. बॅटरी निम्म्याहून अधिक शिल्लक होती. काका म्हणाले, "आबा, ऐकले नाहीत का?" म्हातारा म्हणाला, "बातम्यांपुरताच लावला, भाऊ. तुमची व्हती."

बातम्यांत त्यांच्या मुलाचे नाव येणार नव्हते, हे त्यांनाही ठाऊक असावे. पुढे महिन्या-दीड महिन्याने पत्र आले. दोन वर्षांनी दिवाळीत एक उंच तरुण गणवेशात दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. गावाने रेडिओला नवी बॅटरी घेतली होती आणि ती त्याने खांद्यावर आणली होती. काका मला म्हणाले, "लाव चार्जला. आणि खटका..." मी म्हटले, "हळू फिरवतो."